सात नंबरचा दाणा

आमच्या लॅबचे किस्से सुरू केले की मित्र म्हणतात, "मन्या, तुम्ही तिथं काम कधी करायचात?" अरे, करायचो ना! कामातच तर हे साठत गेले. फक्त काही सांगताना माझा आवाज खाली येतो, तेवढं सांभाळून घ्या.

सातपूरचा कारखाना, ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलेलं. पोलाद लाल करून तेलात बुडवलं की आतून बदलतं, कडक होतं. किती बदलणार, ते आतल्या दाण्यांच्या आकारावर ठरतं. तेच कॉम्प्युटरनं आधी सांगावं, असा प्रोग्रॅम मी लिहीत होतो. दाण्याचा नंबर द्यायचे गांगुर्डे मामा. निफाडकडचे. मायक्रोस्कोपवर पंचवीस वर्षं, रिटायरला दोन बाकी.

*

पहिलाच रन, आणि सगळी उत्तरं उलटी! आठवडाभर डोकं आपटलं. शेवटी मामांना विचारलं.

"येड्या, नंबर मोठा तर दाणा बारीक! उलटंच असतं ते."

"मग आधी सांगायचं ना, मामा!"

"तू इंजिनिअर हायेस. मला वाटलं, तुला ठावं असंल!"

*

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा. मामांनी थेट फ्लॉपीच्या फटीतच कुंकू भरलं! लॅबचे प्रमुख पाटणकर साहेब भडकले.

मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, खातंय तिथूनच ना? तोंडाला लावलं."

*

मामांची एक खोड होती. पोलादाचा तुकडा आला की वाइसच्या पकडीत आवळून हातोड्यानं तोडायचा, तुटल्या जागेवर अंगठा फिरवायचा, मगच मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. मला ते फार गावठी वाटायचं. मी साहेबांकडून ऑर्डरच काढली: यापुढे तुकडे कापून, आरशासारखे पॉलिश करूनच तपासायचे. तोडातोडी बंद!

"तोडू दे रे मन्या. सवय हाय."

"मामा, हे सायन्स आहे!"

त्या दिवसापासून प्रत्येक तुकडा सात. सात! सात! आमचं पोलाद बहुतेक वेळा सातच निघायचं, त्यामुळे प्रोग्रॅम झकास जुळायला लागला. साहेबांनी सगळ्यांना मिसळ खिलवली!

*

एकदा आत गेलो, तर मामा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेले. "सात," म्हणाले.

मायक्रोस्कोपचा दिवाच बंद होता! मी खो खो हसलो. "मामा, लाइट तरी लावा!"

ते हसले नाहीत. दार लोटून घेतलं.

"डॉक्टर म्हणतो, डोळ्यांच्या आपरेशनचा उपयोग नाय. रिटायरला दोन वर्षं राह्यली रे. साहेबाला कळलं तर उद्यापास्नं घरी. नाय ना सांगणार?"

नाही म्हणालो. आणि खरंच नाही सांगितलं. ती ऑर्डर मात्र मागे घ्यायला लावायला हवी होती. पण प्रोग्रॅम जुळत होता ना माझा!

*

मग भट्टी एकदा जास्त तापली. मामा म्हणाले सात, कॉम्प्युटर म्हणाला ओके, आणि शाफ्टची अख्खी ट्रॉली तेलात तडकली. टण, टण, टण! तो आवाज लॅबपर्यंत येत होता.

साहेबांनी स्वतः मायक्रोस्कोप लावला. दाणा तीन नंबरचा, भलताच जाड!

"मामा, तिनाचा सात कसा दिसला?"

मामांनी मायक्रोस्कोपवर कापड झाकलं. मी प्रिंटआउटमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टेबलावर पाच तुकडे मांडले. नंबर आधीच तपासून चिठ्ठीवर लिहिलेले, चिठ्ठी खिशात. "सांगा. एक जरी चुकला, तरी डोळ्यांची मेडिकल."

मामा म्हणाले, "हातोडा द्या."

साहेबांनी मान डोलावली. मीच आणून दिला.

एकेक तुकडा तोडला. अंगठा फिरवला. "सात. सहा. तीन. सात... पाच."

साहेबांनी चिठ्ठी उघडली. पाचही बरोबर! ते खुर्चीतून उठलेच. "कमाल आहे, मामा! मेडिकल कॅन्सल! करा रिपोर्टवर सही."

मामांनी पेन घेतलं आणि ऐटीत सही केली. पूर्ण नाव, खाली रेघ, दोन टिंबं.

टेबलावर. रिपोर्ट वीतभर डावीकडे होता.