इमूशेठचा पियानो

आमच्या साडभाऊंना हळू बोलता येत नसे. अकोल्यास त्यांचे बियाणे, खते आणि फवारणीच्या औषधांचे दुकान होते. दुकानाच्या ओट्यावर बसून ते रस्त्यापलीकडच्या चहावाल्याशी घरगुती विषयांवर चर्चा करीत आणि ती सगळ्या पेठेला पाठ होई. त्यांचा फोन आला की अमरावतीस राजापेठेतल्या आमच्या घरी तो कानाला लावण्याचे कारण पडत नसे. माझी पत्नी तो टेबलावर ठेवून भाजी निवडीत ऐकत असे. मी हयातभर गाणे शिकवले. आवाज कोठे ठेवावा आणि कोठे ठेवू नये, एवढेच शिकवले. अशा मनुष्याशी माझे नाते जुळले, ते आम्ही एका घरच्या दोन बहिणी केल्या म्हणून. त्याला दुसरे कारण नव्हते.

अकोल्यात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. सर्व जण इमूशेठ म्हणत. ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंडात अळी, आभाळात काही नाही आणि बाजारात भाव नाही. गिऱ्हाईक दुकानात येई, ओट्यावर बसे, पाणी पिई आणि उठून जाई. अशा काळात बाहेरगावाहून बॅग घेऊन येणाऱ्या प्रत्येकावर आमच्या वऱ्हाडाने विश्वास ठेवला, आणि इमूशेठ त्यात सर्वांच्या पुढे होते. प्रथम त्यांनी औषधासाठी सफेद मुसळी लावली. मग बायोडिझेलसाठी जट्रोफा लावला. शेवटी तेल्हाऱ्याच्या रस्त्यावरच्या शेतात जाळी ठोकून इमू पाळले. इमू म्हणजे शहामृगाच्या जातीचा, अत्यंत मूर्ख चेहऱ्याचा एक परदेशी पक्षी. त्याचे काळपट हिरवे अंडे घेऊन ते आमच्या घरी आले आणि ते माझ्या पेटीवर ठेवून म्हणाले, "मास्तर, हे अंडं नोय, भविष्य हाय भविष्य." पक्षी परत विकत घेण्याची हमी देणारी मंडळी एके दिवशी नाहीशी झाली. पक्षी मात्र राहिले, आणि खात राहिले. त्यांतला एक जाळी तोडून तेल्हाऱ्याच्या बाजारात शिरला, तेव्हा त्याच्यामागे धावणारे आमचे साडभाऊ सर्व तालुक्याने पाहिले. नाव पडले ते तेव्हा. त्यांना त्याची लाज नव्हती. "नाव तं झालं ना बापा! तुमाले अमरावतीत कोन ओळखते?" असे त्यांनी मला माझ्याच घरात विचारले. असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

त्यांची पत्नी सुमन ही माझ्या पत्नीची धाकटी बहीण. कॉलेजसाठी ती आमच्याकडे राहिली आणि माझ्या वर्गात गाणे शिकली. तिचा आवाज साधारण होता. कान मात्र असा की शेजारच्या खोलीत कोणाचा गंधार किंचित उतरला तरी तिच्या कपाळाला आठी पडे. माझ्या वर्गात शाबासकीची पद्धत नव्हती. बरोबर गाणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य असते. त्याचे कौतुक कशाला? चूक झाली की मी "चुकलं" म्हणत असे आणि विद्यार्थी पुन्हा सुरुवातीपासून गात. लग्न ठरल्यावर इमूशेठ एकदा वर्गात येऊन बसले आणि जाताना म्हणाले, "मास्तर, तुमच्या तोंडात एकच शब्द हाय का बा?" सासरी सुमनचा तंबोरा खताच्या पोत्यांशेजारी उभा राहिला. त्याच्या खुंटीला इमूशेठ आपली टोपी अडकवीत. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पन्नाशी ओलांडल्यावर सुमनला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजत सर्व होते. शब्द येत नव्हता. त्याहून विचित्र म्हणजे तिला आवाज सोसेना. कुकरची शिट्टी, टीव्ही, दाराची कडी, काहीही वाजले की ती डाव्या हाताने कान झाकून घेई आणि तिच्या डोळ्यांना पाणी येई. रोग्याच्या उशाशी बसायचे आणि सोयाबीनच्या भावावरून आपसांत भांडायचे, ही भेटायला येणारांची आपल्याकडची रीत. ती सर्वांनी पाळली. इमूशेठची अवस्था निराळी. त्यांनी नुसते "सुमन" म्हटले तरी तिचा हात कानाकडे जाई. मोठ्याने बोलण्यापलीकडे ज्या मनुष्याला काही येत नाही, त्याच्याच घरात हे झाले.

तिला दाखवण्यासाठी आम्ही अमरावतीच्या एका डॉक्टरांकडे नेले. मीही बरोबर होतो. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातल्या लहानशा स्पीकरवर पियानो वाजत होता. मी प्रथम दुर्लक्ष केले. मग पाहिले तो सुमनचा हात मांडीवर होता. माणसे होती, पंखा खडखडत होता, बाहेर वाहने होती, तरी हात मांडीवरच होता. इमूशेठनीही ते पाहिले. ते टेबलाशी बसलेल्या मुलीकडे गेले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ओ बाई, हे काय वाजून राहिलं?"

सुमनचा हात कानावर गेला. इमूशेठ गप्प झाले. हात खाली आला.

"पियानो आहे काका," मुलगी म्हणाली. "निओक्लासिकल म्हणतात याला. म्हणजे नवं क्लासिकल. डॉक्टर लावतात."

"कोन वाजवते?" या वेळी त्यांनी हे जवळजवळ खुणेनेच विचारले.

"परदेशातले आहेत. आताचे, तरुण आहेत."

"म्हनजे जित्ते हायेत. मंग मले देता का मोबाइलमधी?"

तिने ते दिले. माझ्या मते न देती तर बरे होते.

या संगीताविषयीचे माझे मत मी त्याच दिवशी बनवले. एक सूर लागतो. मग वादक थांबतो. का थांबला ते कळत नाही. मग तोच सूर पुन्हा, शेजारच्याला सोबत घेऊन. डावा हात चार सुरांची एकच फेरी फिरत राहतो. विस्तार नाही, तान नाही, सम येण्याची वाट पाहावी तर समच नाही. वादकाच्या पायाखालच्या लाकडाची करकरसुद्धा ध्वनिमुद्रणात ठेवलेली. आमच्याकडे पेटीचा भाता कुरकुरला तर आम्ही तिला दुरुस्तीला टाकतो. "क्लासिकल म्हणजे शास्त्र," मी रिक्षात म्हणालो. "यात शास्त्र कोठे आहे?" इमूशेठनी मला बोटाने गप्प राहण्यास सांगितले. मला!

अकोल्याच्या दुकानात तेच सुरू झाले. पूर्वी त्या ओट्यावर बियाण्याच्या जाहिरातीचा भोंगा असे. आता औषधाच्या डब्यांमधून पियानो ठिबकू लागला, कारण सुमनची खोली दुकानाला लागूनच होती. गिऱ्हाइकांना नवा उद्योग मिळाला. "इमूशेठ, कोनी गेलं का घरात?" असे दर्यापूरकडचा एक कास्तकार विचारी. दुसरा म्हणे, "नळ गळून राहिला वाटते मांगे, पाय बरं." चहावाला म्हणाला, "पयले पक्षी पाळले, आता हे पाळून राहिला." त्यांचे अज्ञान आणि माझे मत एकच निघावे, याचा मला तेव्हा फार त्रास झाला. इमूशेठ मात्र भांडले नाहीत. "गळू दे," ते म्हणत. "तू बस, पानी पी, पन बोलू नको."

मुसळी, जट्रोफा आणि इमू यांनंतरचे हे चौथे वेड, आणि तेही एका हंगामात सरेल, असे मी पत्नीला सांगितले होते. ते सरले नाही. त्यांनी एक कीबोर्ड आणला आणि मला फोन केला. "मास्तर, शिकवता का?" मी म्हणालो, "हे शिकवण्यासारखे काही नाही." मग ते मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून स्वतःच बसले. पट्ट्या ओळखू येईनात म्हणून त्यांनी त्यांवर लाल, पिवळे, निळे, हिरवे कागद चिकटवले. फवारणीच्या डब्यांवर विषाचा जहालपणा दाखवण्यासाठी जे रंग असतात, तेच हे. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यांचे वादन ऐकल्यावर मला सर्वच पट्ट्या लाल असाव्यात असे वाटले. बोटे म्हणाल तर पोती उचलून जाड झालेली. एका पट्टीवर ठेवलेले बोट दोन पट्ट्या दाबी. आम्ही अकोल्यास असताना ते वाजवायला बसले की मी उठून अंगणात कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहायला जात असे.

एके दिवशी त्यांचा फोन आला. पत्नीने तो सवयीने टेबलावर ठेवला, आणि काहीच ऐकू येईना. तिने तो उचलून कानाला लावला. मग माझ्याकडे दिला.

"मास्तर," इमूशेठ अगदी हळू बोलत होते. "सुमन बोलली."

"काय बोलली?"

"चुकलं."

"काय चुकलं?"

"तेच बोलली. मी वाजवून राहिलो होतो. बोट भलतीकडे गेलं, अन् सुमन पलंगावरून म्हने, चुकलं. तुमी म्हनता तसंच."

आम्ही अकोल्यास गेलो. इमूशेठ बसले, चार सुरांची फेरी धरली, आणि जेथे डावा हात खाली उतरतो तेथे निळ्याऐवजी पिवळी पट्टी दाबली. "चुकलं," सुमन म्हणाली. स्वच्छ, कपाळाला आठी घालून. माझी पत्नी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. मी म्हणालो, "चुकलेच आहे."

कान जागा आहे, तर त्याला खरे अन्न द्यावे, म्हणून पुढच्या खेपेस मी पेटी नेली. यमन धरला. हा राग तिने माझ्यासमोर बसून घोटलेला होता. पहिल्याच आलापाला तिचा डावा हात कानाकडे गेला. इमूशेठ हळूच म्हणाले, "मास्तर, तुमचं वाजवनं लय भरलेलं असते. तिले मधात जागा पायजे." मी भाता मिटला आणि पेटी बंद केली. औषधविक्याकडून संगीतावर ऐकून घ्यावे, असे माझे वय राहिलेले नव्हते.

त्यानंतर वर्षे गेली. आम्ही जात राहिलो. दुकान ओसरत गेले, फळ्या निम्म्या रिकाम्या झाल्या, पण वादन चालू होते आणि चुकाही चालू होत्या. कधी त्याच जागी, कधी थोड्या पुढे. सुमन प्रत्येक वेळी "चुकलं" म्हणे. कधी रागाने, कधी झोपेत असल्यासारखे, कधी चक्क हसून. "बरं बाई, पुन्हा," असे म्हणून इमूशेठ सुरुवातीपासून धरत. तिच्याकडे दुसरा शब्द आला नाही. मला तिची दया येई आणि त्यांचा संताप. एकदा मी स्पष्ट बोललो. "इतक्या काळात चार सूर बसत नाहीत? माझ्या वर्गात तुम्ही एक दिवस टिकला नसता."

"येडा बह्याड आहो ना मी, मास्तर," ते म्हणाले. "इमूवाला. जाते बोट तिकडे."

मी ते मान्य केले. त्यात मान्य न करण्यासारखे मला काही दिसले नाही.

सुमन उन्हाळ्यात गेली. तेरवीला गर्दी झाली. माणसे जेवली, कापसाच्या भावावरून भांडली, ताटे उचलली गेली आणि दुपार कलता कलता घर रिकामे झाले. इमूशेठ उठले, तिच्या खोलीत गेले आणि कीबोर्डसमोर बसले. मी अंगणाकडे निघालो होतो. दारातच थांबलो. डावा हात खाली उतरण्याची जागा आली आणि बोट सरळ निळ्या पट्टीवर गेले. पुढची जागा आली, तीही बरोबर. जेथे जेथे ते इतकी वर्षे चुकत आले होते, तेथे तेथे बोट न पाहता योग्य ठिकाणी पडत गेले. त्यांनी सगळे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवले आणि एकही चूक केली नाही. रिकाम्या पलंगाशेजारी ते ऐकवत नव्हते.

"तुम्हाला येत होते," मी म्हणालो.

"कवाचं येते," इमूशेठ म्हणाले. "पन बरोबर वाजवलं तं सुमन बोलेच ना."

पत्नी माझ्याकडे पाहत होती. मी कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहायला गेलो.

पुढे त्यांनी दुकान बंद केले. त्यांची मुलगी गुजरातेत असते. तिच्याकडे कायमचे जायचे ठरले. जाण्यापूर्वी ते राजापेठेत आमच्याकडे आले. एका खांद्याला सुमनचा तंबोरा होता, दुसऱ्या हातात कीबोर्ड. तंबोऱ्याची धूळ पुसलेली होती. "हा तुमच्या वर्गाचा," म्हणून त्यांनी तो कोपऱ्यात उभा केला आणि खुंटीकडे एकदा पाहिले. चहा झाला. बाहेर शिकवणीला जाणाऱ्या पोरांच्या गाड्यांचा कालवा होता. त्यांनी न विचारता कीबोर्ड माझ्या पेटीवर ठेवला, जेथे पूर्वी ते अंडे ठेवले होते, आणि वाजवायला लागले.

माझे मत तेव्हाही तेच होते, आजही तेच आहे. ते संगीत शास्त्राला धरून नाही, आणि इमूशेठ ते वाईट वाजवतात. डावा हात खाली उतरला. बोट निळी पट्टी सोडून पिवळीवर पडले आणि तेथेच राहिले. त्यांनी ते उचलले नाही. मान वर केली नाही. सूर विरत विरत संपला, तरी ते तसेच बसून राहिले, वाट पाहत.

पत्नीने माझ्याकडे पाहिले.

"चुकलं," मी म्हणालो.

"बरं मास्तर," ते म्हणाले. "पुन्हा."

आणि त्यांनी सुरुवातीपासून धरले. मी उठलो नाही.