सिकंदरभाईंचं बिनखांबी सभागृह

लोणंदहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, इस्लामपूरकडे कोणतं देवस्थान? ग्रामपंचायतीचं सभागृह बघायला चाललेय म्हटल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पण दोन बोटं जाडीचं काँक्रीटचं छत, एकही खांब न लावता, कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या माणसाने उभं केलंय हे ऐकल्यापासून मला चैन नव्हतं.

साताऱ्याला एसटी बदलली. इस्लामपूरच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली आणि वडापने (माणशी भाडं घेणाऱ्या जीपने) पुढे गेले. गावाचं नाव सांगत नाही. मला तिथे परत तोंड दाखवायचं आहे.

सभागृह लांबूनच दिसलं, पालथ्या घातलेल्या परातीसारखं. छताचा एक काठ जमिनीपर्यंत उतरला होता आणि त्यावरून चढून शेळ्या वर ऊन खात बसल्या होत्या. खाली सिकंदरभाई उभे होते. आधी ते शेतातले सिमेंटचे हौद बांधायचे. आता घरावर ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी आहे, फोटोसकट. नम्रतेच्या वाटेला ते कधी गेले नसावेत. पुण्या-मुंबईच्या इंजिनियरांना हे जमणार नाही, हे त्यांनी माझं नाव विचारायच्या आधीच सांगितलं.

खांब कुठे आहेत, मी विचारलं.

“अंड्याला खांब असत्यात व्हय?” असं म्हणून त्यांनी खिशातून अंडं काढलं, माझ्या मुठीत दिलं आणि जोर लावायला सांगितलं. अंडं फुटत नाही म्हणे. मी अंगठी काढायची विसरले होते. मी ओढणी पुसत असताना त्यांनी निकाल दिला की चूक अंगठीची. दुपारी त्यांच्याकडे भाकरी आणि अंड्याचं कालवण होतं. आमच्याकडे पाहुणे फार येतात, त्यामुळे रोज हेच असतं, असं भाभी म्हणाल्या.

जेवता जेवता मात्र सिकंदरभाईंचा आवाज उतरला. छत पातळ आहे, धोकादायक आहे, म्हणून सभागृह पाडायचा ठराव उपसरपंच त्याच दिवशी ग्रामसभेत आणणार होते.

“पाडलं तरी लोक म्हणणार, पडलं,” ते म्हणाले. “मग मला हौद तरी कोण बांधू दील?”

मला फार वाईट वाटलं.

त्याच सभागृहात भरलेल्या सभेत मी बायकांच्या कोपऱ्यात बसले. शेजारी शांताक्का होत्या, गावातल्या एक वयस्कर बाई. त्यांनी मला खरं कारण सांगितलं. त्या गोल छतामुळे समोरच्या कोपऱ्यात कुजबुजलेलं या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येतं. मागच्या सभेत उपसरपंच ठेकेदाराच्या कानात म्हणाले होते, डांबराचं नंतर बघू, आधी बिल काढू. इकडे सगळ्या बायकांनी ते ऐकलं. तेव्हापासून छत धोकादायक झालं.

“कुणाला धोका, त्ये कुणी सांगत न्हाई,” शांताक्का म्हणाल्या.

उपसरपंच जनतेच्या जिवाविषयी फार कळवळून बोलले. वर शेळ्यांची खुरं वाजत होती, छत जागचं हललं नाही. मग सिकंदरभाई उठले. खरं कारण त्यांच्याही कानावर गेलं असावं. आवाजाचीच अडचण असेल तर आतून पोती टांगतो, आवाज मरेल, पण पाडू नका, असं ते म्हणाले. आपल्या कामात खोट काढू न देणारा तो माणूस स्वतःच्या छताला गोणपाट लावायला निघाला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

उपसरपंचांची पंचाईत झाली. हो म्हणावं तर अडचण आवाजाची होती, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. उपसरपंच सरपंचांच्या कानाशी वाकले आणि आमच्या कोपऱ्यात शब्दन् शब्द पोचला, “पाडायचं ऱ्हाऊ द्या. गुमान पोती लावून घ्या.”

शांताक्का बसल्या जागेवरूनच बोलल्या, “आवं भाऊ, पोती कशाला? तुमीच मोठ्यानं बोला की.”

त्या छताखाली हसू लवकर विरत नाही. ते थांबेपर्यंत ठराव गुंडाळला गेला होता, आणि पोत्यांचा विषय कुणी परत काढला नाही. मी बाहेर आले तेव्हा सिकंदरभाई चार जणांना सांगत होते की आवाजाची सोय त्यांनी मुद्दामच करून ठेवली होती.

लोणंदला परतल्यावर आमच्या सोसायटीची सभा झाली. आमचा हॉल भक्कम आहे, स्लॅब जाड, खांब कवेत न मावणारे. पाण्याच्या टँकरचा विषय निघाला तसे चेअरमन सेक्रेटरींच्या कानाशी वाकले. मी समोरच्या कोपऱ्यात कान टवकारून बसले होते. एक अक्षर ऐकू आलं नाही.