बाबांचा आवाज फोनमध्ये भरला तेव्हा

दादा पुण्याहून दिवाळीला आला तेव्हा त्यानं दोन वस्तू आणल्या. टीव्हीखाली ठेवायचा चपटा डीव्हीडी प्लेअर आईसाठी, आणि गाणी वाजवणारा पातळ मोबाइल माझ्यासाठी. बाबांनी तो फोन हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "याच्यात मशीन कुठं बसवलीय?" त्याच्या कडेला गाणं पुढं-मागं करायची बटणं होती, नखाएवढं मेमरी कार्ड होतं. रेडिओ ऐकायचा तर इयरफोन लावावाच लागे, कारण ती वायरच एरिअल होती. मी डी.एड. करून घरी बसले होते. गंगाखेडच्या आमच्या गल्लीत दुपारी करण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे त्या फोनमधली एकेक सोय उघडून बघणं हाच माझा उद्योग होता.

बाबा पौरोहित्य करायचे. गोदावरीच्या घाटावर त्यांनी संकल्प सांगायला सुरुवात केली की वरच्या पायरीवरचे लोक वळून बघायचे, इतका खणखणीत आवाज. घरीही ते गप्प नसत. दात घासताना बोलायचे, धोतर वाळत घालताना बोलायचे, आईनं उत्तर दिलं नाही तर स्वतःच उत्तर देऊन पुढचा प्रश्न विचारायचे. त्यामुळे त्या हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला आणि बसलेलाच राहिला, तेव्हा सगळ्यात आधी घर बदललं. आले-मध झालं, ज्येष्ठमध झालं, मग नांदेडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ काढावी लागेल असं सांगितलं. जिवाला धोका नाही म्हणाले. "आवाज?" आईनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तो किती राहील ते आत्ता सांगता येत नाही."

ऑपरेशनला अजून अवकाश होता आणि ते दिवस घरात कुणालाच नीट काढता येईनात. बाबा अंगणात यायचे, आत जायचे, परत चपला घालायचे. एक दिवस माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुझ्या त्या फोनमध्ये माणसाचं बोलणं भरून ठेवता येतं म्हणालीस ना?"

"येतं की."

"मग माझं भर. सत्यनारायणाची अख्खी पूजा. कथेसकट."

आवाज घोगरा झाला होता, पण अजून त्यांचाच होता. आम्ही मधल्या खोलीचं दार लावलं, पंखा बंद केला. मी फोन पाटावर ठेवला. बाबांनी डोळे मिटून सुरुवात केली आणि दोन ओळींत थांबले. "भिंतीला काय सांगू? समोर यजमान पाहिजे." मग आई हात पुसत आली आणि यजमान म्हणून बसली. समोर ताम्हण, पळी, अक्षता. आता बाबांना लय सापडली. इतकी सापडली की रेकॉर्डिंग चालू आहे हे ते विसरले आणि मध्येच आईवर ओरडले, "पळी खाली ठेव आधी! अक्षता उजव्या हातानं!" रेकॉर्डर थोडा वेळ चालून आपोआप थांबायचा, मग पुन्हा चालू करायचा. असे तुकडे तुकडे करत पूजा भरली. एका तुकड्यात कुकरची शिट्टी आहे, एकात बाहेरचा भंगारवाला.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आणि आवाज गेला. पूर्ण गेला असं नाही. सायकलच्या चाकातून हवा निघावी तसं काहीतरी उरलं. अगदी जवळ कान नेला तर शब्द कळायचे.

त्यानंतरचे महिने आजही माझ्या अंगावर येतात. बोलायचं राहिलं म्हणून की काय, बाबांच्या पायांना विश्रांतीच राहिली नाही. घाटावर जायचे, परत यायचे, पाणी पिऊन पुन्हा जायचे. कुणी भेटलं तर मान हलवून पुढं सटकायचे. घरी आले की टीव्ही लावायचे, लगेच बंद करायचे. शिक्षक भरतीची यादी निघत नव्हती, त्यामुळे मीही तशीच. गच्चीवर इयरफोन घालून फेऱ्या मारायचे, एकही गाणं शेवटपर्यंत ऐकायचे नाही, अंगठा सारखा पुढच्या बटणावर. आई खालून ओरडायची, "दोघं मिळून घराची फरशी झिजवायलात!" पूजेला बोलावणारे दुसऱ्या गुरुजींकडे वळले. त्यात कुणाचं चुकलं होतं?

एक दिवस बाबा बाहेर गेलेले बघून मी कार्ड फोनमधून काढलं, रीडरला लावलं आणि प्लेअरच्या यूएसबीत खुपसलं. पडद्यावर फोल्डरचं नाव आलं, आत काही नाही. स्टेशनकडच्या मोबाइलच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, फोनमध्ये भरलेला आवाज वेगळ्या प्रकारचा असतो, प्लेअरला तो ओळखता येत नाही. त्यानं सगळे तुकडे बदलून, ओळीनं लावून दिले. घरी येऊन लावलं आणि टीव्हीतून बाबांचा आवाज आला. स्वयंपाकघरातून आई धावत आली, हाताला पीठ तसंच. आम्ही दोघी उभ्या राहूनच ऐकत होतो. आणि तेवढ्यात बाबा दारात आले.

त्यांनी ऐकलं. चपला काढल्या नव्हत्या. टीव्हीकडे बघत उभे राहिले आणि तसेच उलट्या पावली गल्लीत निघून गेले. मी प्लेअर बंद केला. "कशाला लावलंस गं माय," आई म्हणाली, पण रागावून नाही.

मग नदीपलीकडच्या गावच्या एक बाई आल्या. शेतकरी घरच्या, साठीच्या. त्यांच्या मुलानं नवं घर बांधलं होतं. दरवर्षी त्यांच्याकडची पूजा बाबाच करायचे.

"महाराज, वास्तूला सत्यनारायण हाय. तुमीच यायचं."

बाबांनी गळ्याकडे बोट दाखवलं.

"ठावं हाय मला. आवाज न्हाई तर न्हाई. हात हायेत का न्हाई?"

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी. मग माझ्याकडे बघून त्यांनी टीव्हीखालच्या प्लेअरकडे बोट केलं. मला आधी कळलंच नाही. आईला कळलं. ती म्हणाली, "ते घेऊन चला म्हणतायत."

प्लेअर पिशवीत घालून, वर टॉवेल गुंडाळून आम्ही एसटीनं गेलो. त्या घरी मुलानं ट्रॅक्टरवर लावायचे मोठे स्पीकर काढून ठेवले होते. मी लाल-पांढऱ्या वायरी जोडल्या, प्लेअर चौरंगाच्या मागं कापडाखाली सरकवला आणि रिमोट घेऊन बाबांच्या शेजारी बसले. समोर माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि सगळ्यांची नजर बाबांच्या तोंडाकडे.

सुरुवात बरी झाली. आवाज स्पीकरमधून यायचा आणि बाबांचे हात त्याप्रमाणे चालायचे. यजमान मागं पडला की बाबा भुवई उचलायचे आणि मी आवाज थांबवायचे. त्याचं झालं की पुन्हा चालू. लोकांना हळूहळू सवय झाली. आणि मग स्पीकर गरजला, "पळी खाली ठेव आधी! अक्षता उजव्या हातानं!"

यजमानानं दचकून पळी टाकली. खरंच त्याच्या डाव्या हातात अक्षता होत्या. बायकांत हसू फुटलं ते थांबेना. बाबांचे खांदे हलत होते. हसण्याचा आवाजही त्यांना उरला नव्हता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कथा अर्ध्यावर आली आणि वीज गेली. लोडशेडिंगची वेळ नव्हती, पण तेव्हा वेळेला कोण विचारत होतं? स्पीकर मेले, प्लेअरचा हिरवा दिवा विझला. मी कार्ड काढून फोनमध्ये घातलं, फोनचा आवाज पूर्ण वाढवला. पातळ फोनचा स्पीकर केवढा असणार! दुसऱ्या रांगेतला माणूस म्हणाला, "काईच ऐकू येईना." मी फोन तांब्यात उभा केला. आवाज मोठा झाला पण शब्द घुमून एकमेकांत मिसळले. पोरं रडायला लागली, कुणी उठायला लागलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तेव्हा बाबांनी हात वर केला. सगळे थांबले, मी फोन बंद केला. त्यांनी बोलायला सुरुवात केली. ओठ हलत होते, शिरा ताणल्या होत्या, आणि बाहेर नुसती हवा. घरच्या त्या बाई पुढं सरकल्या, त्यांनी कान बाबांच्या तोंडाजवळ नेला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "महाराज म्हनायलेत, तवा त्या मानसाला देवाची आठवन ऱ्हायली न्हाई."

बाबांनी मान डोलावली. पुढचं वाक्य. बाई पुन्हा. कथा त्यांनी जन्मभर ऐकलेली, त्यामुळे लवकरच त्या बाबांच्या पुढं धावायला लागल्या. "आन् मंग त्याच्या बायकूनं त्याला चांगलं झापलं! म्हनली, नवस केलता ना? मंग फेडाया कामून लाजायलास?" बाबांनी जोरजोरानं हात हलवला. हे कथेत नव्हतं. "असू द्या महाराज," बाई म्हणाल्या, "ती म्हनलीच असंल." माणसं जवळ सरकली. उठलेले पुन्हा बसले.

आरतीच्या आधी वीज आली. मी कार्ड परत प्लेअरला लावलं आणि तो आपोआप पहिल्यापासून सुरू झाला. बाबांनी माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. मी बटण दाबलं.

त्याच दिवशी त्या घरच्या मुलानं माझ्याकडे बाबांचा आवाज मागितला. "आठवन म्हनून." मी बाबांकडे पाहिलं, त्यांनी होकार दिला. ब्लूटूथनं त्याच्या फोनवर पाठवला. त्याच्याकडून तो पाहुण्यांकडे गेला असावा, पाहुण्यांकडून आणखी कुठं. आम्हाला त्याची कल्पना नव्हती.

काही महिन्यांनी बाबा बाहेरून आले ते तापल्यासारखे. येरझाऱ्या घालत राहिले. पाणी दिलं, घेतलं नाही. शेवटी मी कान जवळ नेला. ते बाजारातून येत होते. एका घरातून पूजेचा आवाज आला म्हणून सहज थांबले. आवाज त्यांचा होता. आत कुणी गुरुजी नव्हते, नुसता फोन लावून घरच्यांची पूजा चालली होती. ते खिडकीबाहेर उभे राहून स्वतःचं ऐकत राहिले आणि आत जायचं धाडस झालं नाही.

"ते माझ्यापेक्षा बरं म्हणतं," बाबा म्हणाले.

मी फोन काढला, म्हटलं, "पुसून टाकू?" ते चिडले. आता पुसून काय उपयोग, असा हात केला त्यांनी. पुन्हा चपला घातल्या, पुन्हा काढल्या.

आई इतका वेळ गहू निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "अहो, त्या बाईनं तुमचं सांगितलं ना? मग मला सांगा. मी म्हणते."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं काहीतरी भलतंच मागितलं आहे. "मंत्र?" त्यांच्या ओठांवर मी वाचलं.

"इतकी वर्षं कानावर काय पडतंय मग? बसा इथं."

ती बसली. तिनं सुरुवात केली आणि तिसऱ्याच शब्दाला बाबांनी पाटावर टकटक केलं. चूक. पुन्हा. पुन्हा टकटक. आई भडकली. "टकटक करू नका, सांगा काय चुकलं!" बाबांनी तिच्या कानाशी तोंड नेलं. मी गच्चीवर निघून गेले. माझ्यानं बघवत नव्हतं आणि खाली जायचीही इच्छा सुटत नव्हती.

आई बाबांच्या सोबत पूजेला जायला लागली. काही घरांनी नाक मुरडलं, बाईमाणसानं मंत्र म्हणायचे म्हणजे काय, म्हणून बोलावणं बंद केलं. काहींना फोनच सोयीचा वाटला. पण नदीपलीकडची गावं धरून होती. कथा आई आपल्या पद्धतीनं सांगायची आणि बाबा पाटावर बोटं आपटत राहायचे. लोक त्यांचं भांडण ऐकायला येतात, असं दादा चेष्टेनं म्हणायचा.

माझी नोकरी मानवतला लागली. सुट्टीला एसटीनं गंगाखेडला उतरले की गल्लीच्या तोंडाशीच आईचा आवाज ऐकू यायचा, "नाही, असंच आहे ते! तुम्हीच तसं शिकवलंत!" मग थोडी शांतता, आणि पुन्हा, "बरं बाबा, बरं!" मधलं काही ऐकू यायचं नाही. मी पिशवी या हातातून त्या हातात घेत तिथंच घुटमळायचे, आत गेले की दोघंही एकदम माझ्याकडे बघून कोण बरोबर ते विचारणार, हे ठाऊक असल्यामुळे.