दोन भाषांतला ‘वा’

समोर पत्रा दिसला की आमच्या शेजारचा हा बाबा बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. टाउन बस असो, बँकेतलं कपाट असो, नाहीतर लग्नघरातली पातेली. “अक्का, हे पोकळ बोलतंय,” म्हणून मोकळा. माझा नवाकोरा फ्रिजसुद्धा त्याने असाच नापास केला होता. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही.

तंजावूरला आमची, दोन मराठी कुटुंबांची, घरं भिंतीला भिंत लागून. मी शाळेत गणित शिकवायची आणि तो परसातल्या शेडमध्ये गाड्यांचे पत्रे ठोकायचा. इकडे गाडीचे पोचे काढायला टिंकरिंग म्हणतात. पोचे काढता काढता तो अख्खी गाडीच घडवायला शिकला. लोक जुन्या गाड्यांचे सांगाडे आणून टाकायचे आणि हा त्यांना नवं अंग चढवायचा. चामड्याची पिशवी, तिच्यात तिरुवैयारूच्या नदीतली वाळू, तिच्यावर पत्रा आणि वरून लाकडी हातोडा. इतर लोक खोलगट जागेत पुट्टी भरतात, वर रंग मारतात, झालं काम. त्याच्यापुढे पुट्टीचं नाव काढायची सोय नव्हती. “अय्यो अक्का, रंगाखाली लबाडी कशाला?” म्हणायचा, आणि पुन्हा ठोकायला बसायचा. माझी दुपारची झोप त्याने जन्मभर खाल्ली.

अशीच एक गाडी त्याने स्वतःसाठी घडवली आणि शर्यतींना न्यायला लागला. शर्यत तरी कसली! वळण नाही, घाट नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, हिरवा दिवा लागला की सरळ चारशे मीटर. पापणी लवेपर्यंत खेळ खलास.

“एवढ्यासाठी चेन्नईपर्यंत जातोस रे?” मी एकदा विचारलं.

“तेवढा वेळ डोक्यात काहीच नसतं, अक्का. रिकामं, स्वच्छ.”

त्याच्या आईला, म्हणजे आमच्या मामींना, हे मुळीच पसंत नव्हतं. एकुलता एक पोरगा आणि हे असले धंदे! मामींची एक तऱ्हा होती. माया आली की मराठी, राग आला की तमिळ. शर्यतीला निघताना तो दारातून ओरडायचा, “येतो, आई!” आपल्यात निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? मामी मान वर न करता तमिळमध्ये एकच शब्द टाकायच्या: “वा.” तमिळमध्ये वा म्हणजे ये. हा लबाड भिंतीवरून माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचा.

“ऐकलंत ना अक्का? आई मला ‘वा!’ म्हणाली!”

मी हसायची. दर वेळी तीच थट्टा, आणि दर वेळी मला हसू यायचं. पण त्या थट्टेत त्याची भूक होती, हे तुम्ही त्याचा चेहरा पाहिला असता तर तुम्हालाही कळलं असतं. पहिला कप जिंकून आणला, तर मामींनी त्यात पळ्या आणि डाव उभे करून ठेवले. चेपलेली पितळी घागर त्याने ठोकून अशी गुळगुळीत करून दिली की पोचा कुठे होता ते सापडू नये. मामींनी ती आतून-बाहेरून पाहिली आणि म्हणाल्या, “गळत नाही. सरि.” सरि म्हणजे ठीक आहे. बस, एवढंच.

शेवटी मीच मामींना म्हटलं, “अहो, एकदा तोंडभरून छान म्हणा की त्याला!”

“छान म्हटलं तर आणखी जोरात पळवेल तो,” मामी म्हणाल्या. “मी नाही म्हणायची.”

शेवटची गाडी ओरत्तनाडूच्या एका डॉक्टरांची होती. तिचा पुढचा पत्रा त्याने एका तुकड्यात उतरवला होता, कुठे सांधा नाही. भिंतीवरून मला हाक मारून दाखवला. “रंग द्यायच्या आधी आईला दाखवणार आहे,” म्हणाला. “रंग दिल्यावर काय, कुणीही वा म्हणेल.”

एक कोपरा तेवढा राहिला होता आणि वाळूची पिशवी फाटली. सकाळीच तो स्कूटर काढून तिरुवैयारूला वाळू आणायला निघाला. दारातून ओरडला, “येतो, आई!” आत मिक्सरवर चटणी चालली होती. उत्तर आलं नाही. तो जरा थांबला, मग माझ्याकडे बघून हसला.

“आज वा नाही, अक्का. आल्यावर घेतो.”

वाटेत लॉरीने उडवलं. वाऱ्यासारखी गाडी पळवणारा माणूस, रस्त्याच्या कडेने हळूहळू जाताना गेला. देवाशी मी तेव्हापासून बोलत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मामींनी मला जवळ बसवलं. “तो येतो म्हणाला होता का ग?” मराठीत विचारलं.

“म्हणाला होता, मामी.”

“मला ऐकूच आलं नाही ग,” म्हणाल्या, आणि माझा हात धरून रडल्या. मीही रडले.

पुढे डॉक्टरांची माणसं गाडी न्यायला आली. दोरी बांधून ओढायला लागली, तशा मामींनी हात वर करून त्यांना थांबवलं. पदराने पुढच्या पत्र्यावरची धूळ पुसली. मग बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली आणि मान तिरकी करून ऐकत राहिल्या.

“वा!” म्हणाल्या. मराठीत, तोंडभरून.

गाडी गेली. माणसंही गेली. मामी दारातच उभ्या राहिल्या, आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत अगदी हळू, तमिळमध्ये म्हणाल्या, “वा.”