वरच्या झऱ्याचं पाणी

वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यातली ती दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला गेल्याच्या फिर्यादी लागोपाठ येत होत्या आणि वरिष्ठ रोज विचारणा करत होते.

खबर दिली पालीच्या एका चहावाल्याने. "सायेब, एक गडी येतो. बोटं लई भाजल्याली हायत त्याची. टेम्पोत पोत्याखाली शिशाच्या लाद्या असत्यात."

विंझरच्या रस्त्यावर नाकाबंदी लावून आम्ही त्याला लाद्यांसह पकडले. अंगाने किरकोळ, तरुण माणूस. चोऱ्या त्याने लगेच कबूल केल्या. बॅटऱ्या फोडायचा, आतले शिसे वितळवून विकायचा. फोडायचा कुठे, ते मात्र सांगेना. माल घेणाऱ्याला वाचवत असेल, असा माझा समज.

दुसऱ्या दिवशी त्याची थोरली बहीण डबा घेऊन आली. तिला जवळच्याच एका डोंगरवाडीत दिली होती. डबा तपासून मी तिला भेटू दिले. तिने भाकरी पुढे केली, पाण्याची बाटली उघडून दिली.

"पी, गार हाय. हीर आटली. आता वरच्या झऱ्याचं आनतो आमी."

बाटली त्याच्या ओठांपाशीच थांबली.

"ताई, तुमी तेच पिता?"

"समदी वाडी पिती. का रं?"

"पोरगी बी?"

"व्हय. पोट दुखतंय म्हनती सारखी."

त्याने बाटली फरशीवर उपडी केली आणि रडत माझ्याकडे वळला. "सायेब, आत्ता चला. म्या जागा दावतो."

झऱ्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी त्याने बॅटऱ्या फोडल्या होत्या. ॲसिड ओढ्यात ओतले होते, आतल्या शिशाच्या प्लेटा तिथेच धुतल्या होत्या. काठावर शिशाची राख पसरली होती.

"वाडी हिरीचं पानी पिती, असं वाटलं मला," तो म्हणाला. "जागा दावली तर ताईच्या सासरी कळंल, म्हनून गप होतो."

पंचनामा करून आम्ही माती-पाण्याचे नमुने सीलबंद केले आणि तपासणीला पाठवले. अहवालाला वेळ लागणार होता. बहीण तेवढी थांबली नाही. ती झऱ्यावर उभी राहिली आणि हंडा घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला परत पाठवू लागली. कारण विचारले की सांगायची, "माज्या भावानंच इख कालवलंय." सासरची माणसे तोंड फिरवून गेली, तरी ती हलली नाही. टँकर आला तेव्हाच खाली उतरली.

अहवालात शिसे निघाले. वाडीतल्या मुलांचे रक्त तपासले, तेव्हा काहींच्या रक्तातही ते सापडले; त्यात तिची मुलगीही होती. डॉक्टर म्हणाले, "पाणी वेळीच बंद झालं. पोरं सुधारतील." आणि ती सुधारली.

जबाब देताना ती एवढेच बोलली, "भाऊ हाय म्हनून खोटं न्हाई सांगनार. पन त्यानं सोताहून जागा दावली, ते बी लिवा." मी लिहिले.

लाद्या हाती आल्या होत्या, कबुली मिळाली होती. आमच्या लेखी तपास जवळजवळ संपला होता. बॅटरीतल्या ॲसिडचे काय झाले, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचलाच नव्हता. पुढे नोकरीत असेपर्यंत मी तो प्रत्येक चोरीत विचारत राहिलो: माल गेला, मागे काय राहिले?

त्या बहिणीचा मी ऋणी आहे. त्याचाही. खटल्याच्या तारखेला कोर्टात नेण्यापूर्वी मी त्याला मुले बरी झाल्याचे सांगितले आणि त्याचे आभार मानले. आरोपीचे आभार मी नोकरीत तेवढे एकदाच मानले.