राखीच्या उंचीचं घर

अश्वजीत सुतारकाम करतो. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. त्याच शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यातलं कलावतीबाईंचं घर बारा वर्षांपूर्वी त्यानंच बसत्या उंचीला खाली आणलं होतं. अपघातानंतर त्यांची मुलगी राखी चौदाव्या वर्षी व्हीलचेअरवर आली, तेव्हा बटणं, आरसा, कड्या, ओटा, सगळं तिच्या हाताला येईल असं त्यानं करून दिलं. ओट्याखाली गुडघ्यांना किती जागा हवी, ते राखीनं स्वतः टेप धरून मोजून दाखवलं होतं.

गेल्या वर्षी राखी न्यूमोनियानं गेली. यंदा तिच्या भावाचा, तनयचा, पुण्याहून फोन आला.

"भैया, घर नॉर्मल हाइटचं करून टाका. आई त्याच्यातच अडकून राहिली."

पहिल्या आठवड्यात बटणं वर गेली, आरसा वर गेला. जुन्या जागांवर पुट्टी भरून रंग लागला. कलावतीबाई दिवा लावायला वाकायच्या, कोऱ्या भिंतीवर तळवा फिरवायच्या, मग वर बघायच्या.

एका दुपारी चहा घेऊन येताना त्या अरुंद पॅसेजमध्ये थांबल्या. पाठ भिंतीला लावली, ट्रे पोटाशी धरला. समोर कोणी नव्हतं. राखीची खुर्ची निघून जायला लागेल एवढा वेळ गेला, आणि त्या चालू लागल्या.

"काहून थांबल्या, काकू?" अश्वजीतनं विचारलं.

"कुठी थांबली मी?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

मग तो बघतच राहिला. दिवसातून दहादा त्या वाट देत होत्या. चौथ्या दिवशी प्लायची फळी घेऊन येताना अश्वजीत भानावर आला, तो स्वतःच भिंतीला चिकटून उभा होता. आतल्या खोलीत नुसता पंखा फिरत होता.

ओटा फोडायच्या दिवशी त्यानं छन्नी पिशवीतून काढलीच नाही. कलावतीबाई ओट्यापुढे स्टुलावर बसून भाजी निवडत होत्या.

"काकू, तुम्ही सांगा. तोडू का?"

"तनयले वाटते, मी दुःख धरून बसली. असंन. पण मले आता बसूनच भाकर टाकता येते. उभी राहिली की हात चुकते."

अश्वजीतनं तिथूनच फोन लावला. "तनय, काकूंना आता बसूनच भाकर टाकता येते. ओटा मी नाही तोडत. दुसरा मिस्त्री पाहा."

तनय म्हणाला, "रहने दो, भैया."

दिवाळीत तो घरी आला. त्या ओट्यावर वाकून चहा करता करता तीन दिवसांत त्याची कंबर धरली. चौथ्या दिवशी त्यानं आईशेजारी दुसरं स्टूल ओढलं, त्यावर बसला आणि कांदा चिरायला घेतला.