जानकीचा हात

वाकोल्याच्या टेकडीवरच्या त्या बैठ्या चाळीत जानकीच्या तोंडाला कुणी भीत नसे, भीत ते तिच्या हाताला. दुपारी नळाला पाणी आलं की बायका रांगेत भांडी लावत. कुणी मध्येच हंडा सरकवला तर जानकी वाद घालत बसायची नाही, सरळ झिंज्या धरायची. एकीच्या बांगड्या तिने नळाच्या कट्ट्यावर आपटून फोडल्या होत्या. दुसरीचा दात पाडला होता, आणि ती दुसरी नात्याने तिची चुलत नणंद. गिरणीच्या संपात नवरा लवू घरी बसला तेव्हापासून जानकी लोकांचे मसाले कुटून द्यायची. मुसळ मारून मारून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते, आणि ते नुसते मिरचीवर वाया घालवावेत असं तिला कधी वाटलं नाही.

हे सगळं ती एकुलत्या एका पोरीसाठी करते, असं ती स्वतः सांगायची. उत्तरा सोळा वर्षांची. किती टापटीप पोर, सून करावी तर अशी, असं चाळ म्हणायची. दहावीची परीक्षा झाली आणि पोर हात धुऊ लागली. आधी जेवणाआधी, मग जेवताना मध्येच उठून, मग दाराची कडी लागली म्हणून, आईचा हात लागला म्हणून. सकाळी अर्धं असलेलं पिंप दुपारपर्यंत कोरडं पडायचं. ज्या पाण्यासाठी जानकीने लोकांचे दात पाडले, तेच पाणी पोर मोरीत ओतत होती.

जानकीने आधी समजावलं, म्हणजे शिव्या दिल्या. मग मारलं. हाताने मारलं, लाटण्याने मारलं. एकदा मार खाताखाता उत्तराने सांगून टाकलं की हात घाण राहिले तर बाबा मरतील, असं तिच्या मनात येतं. खोटं आहे हे कळतं, पण धुतल्याशिवाय ते जात नाही. बापाच्या मरणाचं नाव काढते म्हणून जानकीने थोबाडीत दिली. त्यानंतर पोरीने पुन्हा काही सांगितलं नाही. मला या ठिकाणी जानकीचा राग येतो. पोर स्वतःच्या तोंडाने दुखणं सांगत होती, आणि ऐकणारीने तिचं तोंडच फोडलं.

लवू गरीब गाय. त्याने गावी भावाला, सहदेवला कळवलं. सहदेवने कौल लावला, जागेवाल्याचा, म्हणजे घराच्या राखणदाराचा मान राहिलाय असं निघालं, गाऱ्हाणं घालून कोंबडा दिला. कोंबडा जिवानिशी गेला, उत्तरा हात धुतच राहिली. सहदेवच्या ओळखीत एक चांगलं स्थळही होतं. तेव्हा जानकीने ठरवलं की ही गोष्ट दाराबाहेर जाऊ द्यायची नाही. पोरीला वेड लागलंय असा बभ्रा झाला तर तिला करून घेणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण नळ दाराबाहेर होता. उत्तरा तिथे गेली की आधी तोटी राखेने घासायची, मग हंडा, मग पुन्हा तोटी. तिच्या आधीचा नंबर असायचा शांताबाईचा. शांताबाई जालन्याकडची. घरात सासऱ्याने धम्म घेतलेला. स्वतः पालिकेच्या इस्पितळात आया, मुलगा रतन वर्कशॉपमध्ये. तिची आई गावच्या विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन तास न् तास बसायची, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. ते बघत शांताबाई वाढली होती. आपण हंडा उचलला की ही पोर तोटी घासते, हे तिने एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग एका दुपारी हंडा खाली ठेवून तिने सगळ्यांदेखत जानकीला विचारलं.

"तुझी पोर माझ्यामागं नळ का धुते?"

उत्तरा घासतच होती. खरं काय ते जानकीला ठाऊक होतं. पोर सगळ्यांच्याच मागे धुते, आईच्याही मागे धुते, हे एक वाक्य बोलली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण ते बोलायचं म्हणजे मूठ उघडायची. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि जे पहिलं सुचलं ते बोलली.

"आमच्यात विटाळ चालत नाही."

शांताबाईने तिच्या कानाखाली वाजवली. जानकीला आयुष्यात कुणी पहिली चपराक मारली नव्हती. तिने भरलेली कळशी उचलली आणि शांताबाईच्या कपाळावर हाणली. कपाळ फुटलं. शांताबाई कट्ट्यावर आपटली, तरी तिने जानकीचा पदर सोडला नाही, तिला खाली ओढून तिच्या दंडाचा लचका तोडला. रतन धावत आला. त्याने बाईवर हात उचलला नाही, पण जानकीच्या घराचं दार पहारीने फोडलं, मसाल्याची पिंपं रस्त्यावर उपडी केली, आणि आडव्या आलेल्या लवूच्या खांद्यावर पहार बसली. हाड मोडल्याचा आवाज साऱ्या चाळीने ऐकला. गटारातून पाणी, मसाला आणि रक्त एकत्र वाहत होतं, आणि उत्तरा त्याच्याकडे बघत उभी होती. बाबांना खरंच काहीतरी झालं होतं. आपण नीट धुतलं नाही म्हणून झालं, एवढंच तिला कळलं.

त्यानंतर तिला धरबंध राहिला नाही. बोटांची सालपटं निघाली, सांध्यांवर भेगा पडल्या, भेगांतून रक्त येऊ लागलं. इकडे स्थळाकडची माणसं बघायला यायची होती. जानकीच्या डोक्यात सणक गेली. चटका बसला की मूल विस्तवाला हात लावत नाही, हे तिचं शास्त्र. तिने ओली मिरचीपूड मुठीत घेतली, पोरीला गुडघ्याखाली दाबलं आणि त्या सोललेल्या हातांना चोळली.

उत्तराची किंकाळी टेकडीखाली ऐकू गेली. आईला लाथ मारून ती सुटली आणि नळाकडे धावली. तिथे शांताबाई भरत होती, कपाळावर टाक्यांचा वण ताजा. उत्तराने तिचा हंडा ढकलून दिला आणि धारेखाली दोन्ही हात धरले. मागून येऊन जानकीने तिचं मनगट पकडलं. तशी पोर ते मनगट कट्ट्याच्या दगडावर घासू लागली, कातडी निघेपर्यंत.

"आये, हात लावू नको," ती ओरडत होती. "तुझो हात लागलो, आता परत धुवूक होया."

जानकीने मारायला हात उगारला. तो वरच्या वर शांताबाईने धरला. तिचे डोळे पोरीच्या मनगटावर होते. पोर आईचा स्पर्श धुऊन काढत होती, अगदी तशीच, जशी तोटी धुवायची.

जानकीचा हात पहिल्यांदाच कुणीतरी धरून ठेवला होता, आणि सोडवायला तिच्यात जोर नव्हता. ती मटकन खाली बसली आणि सगळ्यांसमोर बोलली, "ती सगळ्यांनाच धुते गं. वेड लागलंय माझ्या पोरीला."

पोरीच्या हातावर धार धरून शांताबाईने मिरची उतरवली, खोबरेल लावलं, जुन्या पातळाची चिंधी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी तिला इस्पितळात घेऊन गेली. जानकी मागून चालत गेली.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की हे वेड नाही, भूतही नाही. हा आजार आहे, पुष्कळदा या वयात सुरू होतो. नको तो विचार मनात घुसतो, धुतलं की घडीभर शांत होतो आणि दुप्पट होऊन परत येतो. गोळ्या घ्यायच्या, आणि पोरीच्या संमतीने, थोडं थोडं करत, न धुता बसायची सवय लावायची. ती कळवळेल, त्या वेळी कुणीतरी जवळ बसायचं. आणि मारायचं नाही. एक चापटसुद्धा नाही का, असं जानकीने विचारलं. नाही, बाई म्हणाल्या.

उत्तराने मान डोलावली होती, पण मान डोलावणं वेगळं. जानकी पिंपाच्या झाकणावर बसायची आणि पोर समोर थरथरत बसायची. आधी विनवणी व्हायची, मग शिव्या, मग उत्तरा आईवर तुटून पडायची. तिने जानकीच्या झिंज्या धरल्या, खांद्याला चावा घेतला, एकदा तांब्याने भुवई फोडली. मारायला ती आईकडूनच शिकली होती. जानकीने दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसून राहावं, डोळे मिटावेत आणि म्हणावं, "बस गो बाय माझ्यापाशी. जाता ता मनातला आपसूक." हात बाहेर काढला तर तो उठेल, ही तिला खात्री होती. सारी चाळ जिला भ्यायली ती बाई स्वतःच्या हाताला एवढी भीत होती.

स्थळ गेलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मार कमी होत गेला, मिठी वाढत गेली. एका दुपारी शांताबाईने हंडा उचलला, आणि उत्तराने तिच्यामागे आपली कळशी तोटीखाली नुसतीच ठेवली. ओठ दाताखाली दाबलेला होता, पण राखेला तिने हात लावला नाही. कळशी भरली आणि ती घरी घेऊन गेली. जानकी दाराआड जाऊन रडली.

तेवढ्या भरात तिने ताजा मसाला पुडीत बांधला आणि शांताबाईचा उंबरठा गाठला. एवढ्या दिवसांत शांताबाई पोरीशी बोलायची, जानकीशी नाही. आता मिटलं, असं जानकीला वाटत होतं. तिने पुडी पुढे केली आणि म्हणाली, पोर आजारी होती गं, तिच्या मनात तसलं काही नव्हतं.

"तिच्या मनात नव्हतं, ते मला त्या दिवशी नळावरच कळलं," शांताबाई म्हणाली. "पण तुला तर आधीपासून ठाऊक होतं ना?"

जानकीने मान खाली घातली. "पोरीला वेडी म्हणतील म्हणून भ्याले. तिची अब्रू जाईल म्हणून तसं बोलले."

शांताबाईने कपाळावरच्या वणावरून बोट फिरवलं.

"म्हणजे तुझ्या पोरीची अब्रू झाकायला तुला माझी अब्रू सापडली."

तिचा आवाज चढला नव्हता. शांताबाईने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं जानकीला मनापासून वाटलं. पण शांताबाई आत वळून तांदूळ निवडायला बसली, आणि जानकी पुडी हातात धरून उंबरठ्याबाहेर उभी राहिली.